रेंजचा नकाशा आणि घरातली रेंज: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदलायचं ठरलं, सिम पोर्ट करायचं मनात आलं किंवा गावाकडच्या आईवडिलांना इकडे आणायचं झालं की लोक मोबाइल कंपनीच्या वेबसाइटवरचा नकाशा उघडतात. नकाशा सगळा रंगलेला असतो आणि फोन खिडकीत उभं राहिल्याशिवाय लागत नाही. मग आम्हाला प्रश्न येतात. प्रश्न शक्यतो विचारले तसेच ठेवले आहेत, फक्त कंपन्यांना घातलेल्या शिव्या काढल्या आहेत.

१. एका वाक्यात सांगा, या नकाशांवर विश्वास ठेवायचा की नाही?

अर्धाच ठेवायचा. नकाशात तुमचा भाग कोरा असेल तर ते खरं माना, कारण असलेली रेंज लपवून कुठल्याच कंपनीचा फायदा होत नाही. भाग रंगलेला असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की कंपनीच्या हिशोबाने तिथे रस्त्यावर, उघड्यावर फोनला सिग्नल मिळायला हवा. तुमची आतली खोली, सोसायटीची लिफ्ट, रात्री नऊला सगळी इमारत एकदम मोबाइल बघत बसते ती वेळ, यांपैकी काहीही त्या रंगात धरलेलं नसतं. म्हणून नकाशा पाहून एखादी कंपनी बाद करावी, पण निवडायची झाली तर प्र. १३ मधली पद्धत वापरावी.

२. हा नकाशा बनवतं कोण? कोणी प्रत्यक्ष फिरून मोजतं का?

थोडं मोजतात, बरंचसं गणिताने काढतात. टॉवर कुठे आहे, अँटेना किती उंचीवर, कोणत्या दिशेला आणि किती खाली झुकवलेली, ताकद किती, कोणती फ्रिक्वेन्सी, ही माहिती कंपनीकडे असतेच. त्यात जमिनीचा चढउतार आणि इमारती-झाडांचा ढोबळ तपशील घालतात, आणि सिग्नल किती अंतरावर किती क्षीण होईल याचं सूत्र लावतात. या सूत्रांपैकी सगळ्यात प्रसिद्ध घराण्याचा पाया जपानी अभियंता ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात केलेल्या आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवर आहे. १९८० मध्ये हाता यांनी ती मोजमापं सूत्रात बसवली. नंतर बरीच सुधारित सूत्रं आली, आणि कंपन्या आपापल्या भागात गाडी फिरवून सूत्राचे आकडे जुळवूनही घेतात. तरी शेवटी तो अंदाजच असतो, आणि अंदाज सरासरीचा असतो.

पुण्यात यात एक वेगळीच गोची होते. इमारतींची माहिती जुनी असेल तर उत्तर चुकतं, आणि बाणेर, बालेवाडी, वाघोली, उंड्री या भागांत इमारती इतक्या भराभर उठल्या की माहिती मागे पडायला वेळ लागत नाही. काल मोकळं मैदान होतं तिथे आज वीस मजली टॉवर असतो (राहण्याचा, मोबाइलचा नव्हे), आणि त्याच्या सावलीतल्या सोसायटीची रेंज जाते. नकाशावर मात्र अजून मैदानच असू शकतं.

शिवाय नकाशा लहान-लहान चौकोनांत रंगवलेला असतो आणि एका चौकोनाला एकच रंग मिळतो. ए विंगला रेंज आणि बी विंगला अंधार असला तरी दोन्ही विंगा एकाच रंगात दिसतात.

३. यावर सरकारी नियम काहीच नाही का?

आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, २०२४ साली सेवेच्या दर्जाचे नवे नियम आणले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात कंपन्यांनी टू-जी, थ्री-जी, फोर-जी, फाइव्ह-जी असा तंत्रज्ञानानुसार वेगळा कव्हरेज नकाशा आपल्या वेबसाइटवर द्यायचा आहे. ही चांगली सोय आहे, कारण 'कव्हरेज आहे' म्हणजे नक्की कशाचं आहे, हे आता वेगळं पाहता येतं. नकाशा उघडल्यावर आधी कोणता थर निवडलेला आहे ते बघा. फाइव्ह-जीची जाहिरात पाहून आलेला माणूस बरेचदा फोर-जीचा रंग बघून खूश होऊन जातो.

मात्र आकडे कंपनीनेच काढलेले असतात, हे विसरू नका. त्यावर वचक म्हणून ट्राय वेगवेगळ्या शहरांत आणि महामार्गांवर गाडीतून चाचण्या करवून घेते आणि अहवाल प्रसिद्ध करते. ते जरूर वाचावेत. फक्त गाडी रस्त्यावरून जाते, तुमच्या हॉलमधून नाही.

४. आपल्याकडेच असं आहे की परदेशातही?

तिकडेही आहे, आणि कागदोपत्री सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ग्रामीण भागातल्या अनुदानासाठी कंपन्यांकडून फोर-जीचे नकाशे मागवले होते. मग आपलेच कर्मचारी पाठवून अनेक राज्यांत चाचण्या केल्या. डिसेंबर २०१९ च्या अहवालानुसार, गाडीतून केलेल्या चाचण्यांपैकी जेमतेम ६२ टक्के ठिकाणी नकाशात कबूल केलेला किमान वेग मिळाला. नंतर २०२० साली तिथे नकाशे कसे काढायचे याचा कायदाच झाला. आपल्या नकाशांना हा आकडा जसाच्या तसा लावू नका. देश वेगळा, भूगोल वेगळा. पण नकाशा आणि वास्तव यांत फट पडते ती कुठल्या एका कंपनीच्या लबाडीने नव्हे, हे यावरून कळतं.

५. सोसायटीच्या गेटपाशी पूर्ण रेंज, घरात शिरलं की गायब. असं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

सिग्नल भिंतीतून आत येताना क्षीण होतो. किती, ते भिंत कशाची आणि फ्रिक्वेन्सी कोणती यावर ठरतं. कसबा, शनिवार, सदाशिव पेठेत जे जुने वाडे उरलेत त्यांच्या दगड-मातीच्या जाड भिंती पंखा न लावता घर थंड ठेवतात आणि रेंजही बाहेरच ठेवतात. आरसीसी इमारतीत लोखंडी सळ्यांचं जाळं असतं. नव्या ऑफिसांना आणि महागड्या फ्लॅटना ऊन परतवणारी, धातूचा पातळ थर दिलेली काच बसवतात. ही काच उन्हासोबत मोबाइलचा सिग्नलही परतवते. साध्या काचेतून फारसं काही अडत नाही, पण या काचेत २०-३० डेसिबल सहज जातात. १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा, २० म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा. म्हणजे बाहेर उत्तम असलेला सिग्नल आत येईपर्यंत हजारात एक भाग उरू शकतो, आणि नकाशा बाहेरचा असतो.

फ्रिक्वेन्सीचं गणित असं: ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी शिरतात. २३००, २५०० किंवा फाइव्ह-जीच्या ३५०० मेगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण भिंत आली की त्या दमतात. त्यामुळे हॉलच्या खिडकीत झकास वेग आणि बेडरूममध्ये आवाज तुटतो, हे एकाच कंपनीच्या एकाच टॉवरवरून घडू शकतं.

उंच मजल्यावर राहणाऱ्यांची तक्रार याच्या उलटी असते: 'अठराव्या मजल्यावर, समोर काहीच आडवं नाही, तरी कॉल तुटतो.' टॉवरच्या अँटेना रस्त्याकडे झुकवलेल्या असतात, कारण बहुतेक माणसं खाली असतात. उंचावर फोनला दूरदूरचे अनेक टॉवर एकदम दिसतात, त्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत बसतो. नकाशा जमिनीपासून माणसाच्या उंचीचा असतो. अठरावा मजला त्यात नसतोच.

६. फोनवर टॉवर फुल दाखवतोय, तरी नेट ढिम्म. मग रेंज आहे की नाही?

रेंज आहे, जागा नाही. रुंद रस्ता आहे म्हणून संध्याकाळी विद्यापीठ चौकातून गाडी पळेलच असं नाही, तसंच हे. एका टॉवरची क्षमता त्या वेळी जोडलेल्या सगळ्या फोनांत वाटली जाते. हिंजवडीत कामाच्या दिवशी दुपारी, अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर किंवा पालख्या मुक्कामी असताना वाटेकरी किती असतात ते सांगायला नको. गर्दीच्या दिवसांसाठी कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात, तरी मिरवणुकीत व्हिडिओ कॉल लागेल या भरवशावर राहू नये.

कव्हरेज नकाशा गर्दी दाखवत नाही. आणि फोनवरच्या त्या चार-पाच रेघा किती सिग्नलला किती उमटवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. दोन वेगळ्या फोनांवरच्या रेघांची तुलना करून भांडू नका.

७. मग खरी रेंज मोजायची कशी?

डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात सिम स्टेटस पाहा, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ उणे आकड्यात दिसते. काही फोनांत ही जागा थोडी वेगळी असते. आयफोनवर स्टार ३००१ हॅश १२३४५ हॅश स्टार डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो.

फोर-जीसाठी ढोबळ अंदाज: उणे ८०-८५ च्या आसपास म्हणजे उत्तम, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० ला कुरकुर सुरू होते आणि उणे १२० ला फोन फक्त नावाला जोडलेला असतो. आकडा उणे आहे, म्हणून ९० हा ११० पेक्षा चांगला. हे बरेच जण उलटं वाचतात.

वेग पाहण्यासाठी ट्रायचं मायस्पीड ॲप आहे. मोजण्याआधी वायफाय बंद करा. हे सांगायची गरज आहे, कारण 'मोबाइलचा वेग' म्हणून घरच्या ब्रॉडबँडचा वेग पाठवणारे वाचक कमी नाहीत. एकदा सकाळी, एकदा रात्री, आणि घरातल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात मोजा.

८. लोकांच्या फोनवरून बनलेले ओपनसिग्नल, ऊकला, एनपर्फ यांचे नकाशे जास्त खरे ना?

वेगळ्या प्रकारे खरे. त्यात अंदाज नसून प्रत्यक्ष फोनांची मोजमापं असतात, हा मोठा फायदा. पण माणसं जातात तिथेच मोजमापं होतात. फर्ग्युसन रस्त्यावर ठिपक्यांची गर्दी असते आणि मुळशीच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवर एखाददुसरा ठिपका. ठिपका नाही म्हणजे रेंज नाही असं नव्हे, तिथे ॲप असलेलं कोणी गेलं नसेल इतकंच. उलट, फोन अगदीच बंद पडलेल्या जागेवरून मोजमाप पोहोचायलाही अडचण असते. शिवाय स्पीड टेस्ट माणूस करतो कधी? एक तर नेट रखडल्यावर, नाहीतर नवा फाइव्ह-जी फोन मित्राला दाखवायचा असतो तेव्हा.

शहरात हे नकाशे कंपनीच्या नकाशापेक्षा जास्त उपयोगी आहेत असं माझं मत आहे. खेड्यात आणि डोंगरात दोन्ही शेजारी ठेवून बघा, आणि मग तिथल्या दुकानदाराला फोन करून विचारा. 'इकडं कोणतं सिम चालतं?' या प्रश्नाचं उत्तर एखादा चहाची टपरी चालवणारा दोन्ही नकाशांपेक्षा बिनचूक देतो.

९. आमच्या शेजारच्याच गच्चीवर टॉवर आहे, तरी रेंज नाही. कसं शक्य आहे?

पहिलं, तो कोणत्या कंपनीचा आहे? दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर आणि त्यावरच्या कंपन्या पाहता येतात. दुसरं, अँटेना ठरावीक दिशांना आणि लांबवर प्रसारण करतात. अगदी पायथ्याशी किंवा पाठीमागे असलेल्याला कमी मिळतं. टॉवरच्या किरणोत्सर्गाची भीती विचारणाऱ्यांसाठी इतकंच, की भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि ती २०१२ पासून लागू आहे. टॉवरला विरोध करायचा आणि रेंज नाही म्हणून तक्रारही करायची, ही दोन्ही कामं एकाच सोसायटीच्या एकाच बैठकीत झालेली आम्हाला माहीत आहेत.

१०. नकाशात फाइव्ह-जी आहे, माझा फोनही फाइव्ह-जी आहे, तरी चिन्ह येत नाही. किंवा चिन्ह येतं, वेग येत नाही.

भारतात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण सगळ्यांचं एकसारखं नाही. जिओचं फाइव्ह-जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं, त्यामुळे फोनमध्ये 'स्टँडअलोन'ची सोय चालू असावी लागते. एअरटेलने सुरुवात फोर-जीचा आधार घेणाऱ्या पद्धतीने केली. या पद्धतीत फोन प्रत्यक्षात फोर-जीवर असताना वर फाइव्ह-जीचं चिन्ह झळकू शकतं. चिन्ह म्हणजे वेगाची हमी नाही.

दुसरी खोच बँडची, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची. जिओकडे फाइव्ह-जीसाठी ३५०० सोबत ७०० मेगाहर्ट्झही आहे. नकाशात दिसणारा रंग एखाद्या ठिकाणी केवळ ७०० च्या जोरावर असेल आणि तुमचा फोन तो बँड पकडत नसेल, तर तुमच्यापुरता तो भाग कोराच. फोन घेताना त्यात एन-२८ (७००) आणि एन-७८ (३५००) हे दोन्ही बँड आहेत का ते खोक्यावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर पाहून घ्या.

११. दोन वर्षांपूर्वी छान रेंज होती, आता नाही. नकाशा मात्र तोच.

समोर इमारत झाली असेल (प्र. २). ज्या गच्चीवर टॉवर होता तिथला करार संपून तो उतरवला असेल. भागात वस्ती वाढून टॉवरवर ताण आला असेल (प्र. ६). पावसाळ्यात ओल्या पानांचीही थोडी भर पडते. पाऊस स्वतः मात्र या फ्रिक्वेन्सींना फारसा अडवत नाही. मुसळधार पावसात नेट गेलं तर बहुधा टॉवरची वीज गेलेली असते किंवा टॉवरला मागून जोडणारा दुवा अडलेला असतो.

१२. सिंहगड, राजगड, तोरणा, ताम्हिणी... नकाशात तर रेंज दिसते. ट्रेकला भरवसा ठेवू का?

नका ठेवू. डोंगरात एका वळणावर रेंज असते आणि पुढच्या वळणावर नसते. नकाशाचा चौकोन त्या वळणापेक्षा मोठा असतो. तोरण्याच्या माथ्यावर, १४०३ मीटरवर, दूरचे टॉवर थेट नजरेच्या टप्प्यात येतात म्हणून फोन लागू शकतो. त्याच गडाच्या घळीत उतरलं की काही नाही. आणि मदत बहुतेक वेळा घळीतच लागते. निघण्याआधी नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, घरी वाट आणि परतीची वेळ कळवा, आणि गटात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. आपल्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कोणाची असेल, तर ११२ हा क्रमांक त्या जाळ्यावरून लागू शकतो. कोणाचीच रेंज नसेल तर तोही नाही. रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी झपाट्याने खातो, म्हणून मृत भागात फ्लाइट मोड टाका.

मेट्रोचं भुयार आणि मॉलचं तळघर याच प्रश्नाची दुसरी बाजू. सिव्हिल कोर्ट स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. तिथे बाहेरचा टॉवर पोहोचतच नाही, आत वेगळी यंत्रणा बसवावी लागते. जमिनीवरचा नकाशा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

१३. पोर्ट करण्याआधी खात्री कशी करू?

ज्या कंपनीकडे जायचं आहे तिचं साधं प्रीपेड सिम किंवा ई-सिम दुसऱ्या सिमच्या जागी घाला आणि नेहमीची दिनचर्या करा: घर, ऑफिस, मुलांची शाळा, येण्याजाण्याचा रस्ता. प्र. ७ प्रमाणे आकडे टिपा. पटलं तर मग पोर्ट. भाड्याचं घर बघायला जातानाही हीच युक्ती: दलाल किचनचं ग्रॅनाइट दाखवत असताना तुम्ही बेडरूमचं दार लावून एक कॉल करा.

पोर्टसाठी पोर्ट हा शब्द, मग जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवायचा. येणारा कोड महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं थकलेलं बिल नको. हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या जागी नवं घेतलं असेल, तर १ जुलै २०२४ च्या नियमानुसार त्यानंतर ७ दिवस हा कोड मिळत नाही.

१४. नकाशात रेंज दाखवून प्रत्यक्षात दिली नाही, म्हणून तक्रार करता येईल का?

करता येते. १९८ ला फोन करा, तक्रारीचा डॉकेट क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

पण स्पष्ट सांगतो: 'नकाशात रंग आहे आणि बेडरूममध्ये रेंज नाही' एवढ्यावर फार काही पदरात पडेल असं वाटत नाही, कारण असे नकाशे घरातल्या रेंजची हमी देत नाहीत. रस्त्यावर, उघड्यावरही सिग्नल नाही, हे तारीख-वेळ-जागेसह स्क्रीनशॉटने दाखवलंत तर तक्रारीला वजन येतं. एकाच सोसायटीतल्या अनेकांनी एकाच आठवड्यात वेगवेगळे डॉकेट घेतले तर आणखी.

संपूर्ण जिल्ह्यात जाळं २४ तासांहून अधिक बंद पडलं, तर २०२४ च्या नियमांत पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ आहे. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळलेली आहे.

१५. बूस्टर ऑनलाइन मिळतो. लावून टाकू का?

नाही. परवान्याशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि त्यामुळे आसपासच्या लोकांचा सिग्नल बिघडतो. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. एअरटेल आणि जिओकडे ही सोय २०१९-२० पासून आहे आणि वेगळे पैसे पडत नाहीत. वाड्यात राहणाऱ्या ज्येष्ठांच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात. वीज गेली की राउटरही बंद पडतो, तेवढं त्यांना सांगून ठेवा.

१६. शेजाऱ्याला त्याच कंपनीची रेंज येते, मला नाही. आता?

आपलं सिम दहा मिनिटं त्याच्या फोनमध्ये घाला. तिथे चाललं तर दोष तुमच्या फोनचा: बँड कमी असतील, अँटेना पडल्या-झडल्याने बिघडली असेल, किंवा मागे चुंबकाची चकती असलेलं कव्हर असेल. तिथेही नाही चाललं तर सिम जुनं असण्याची शक्यता आहे, दुकानात जाऊन बदलून घ्या. पोर्टही मनात असेल तर प्र. १३ मधली ७ दिवसांची अट आधी वाचा.